गाळलेलं वाक्य

पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाइल थरथरला आणि डब्याचं पत्र्याचं झाकण खडखडलं. दुपारची वेळ. सासरे कौतिकआबा दाराबाहेरच्या ओट्यावर आडवे झालेले, थोरल्या जाऊबाई मंदाताई पंख्याखाली लवंडलेल्या, आणि सहा वर्षांची गुंजन चित्र रंगवता रंगवता तिथंच पालथी झोपलेली. एवढ्या शांततेत ते झाकण असं वाजलं की सारिकानं आधी डबा धरला आणि मग मोबाइल. पिठाची बोटं पदराला पुसून तिनं बघितलं, तर गुंजनच्या शाळेच्या ग्रुपवर फोटो आलेला होता.

धुळ्याला झालेल्या खानदेश विभागाच्या शालेय अर्थशास्त्र स्पर्धेत नशिराबादच्या त्यांच्या शाळेचा नववीचा संघ पहिला आला होता. फोटोत तीन पोरं, आणि मधोमध ढाल छातीशी धरून मोनाली. मोनाली म्हणजे मंदाताईंची लेक. सारिकाला काकू म्हणणारी, पण शेपटासारखी तिच्याच मागं फिरणारी.

सारिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मंदाताईंना हलवून उठवावं म्हणून ती वळलीही. तेवढ्यात तिला तो हात दिसला.

मोनालीच्या खांद्यावर हात होता. दोन बोटांनी फोटो मोठा करून तिनं पाहिलं. नीट कापलेली नखं, बारीक पट्ट्याचं घड्याळ, मोरपंखी साडीचा काठ. हात शाळेतल्या दिपमाला मॅडमचा होता. धुळ्याच्या कॉलेजात एम.ए.ला असताना मागच्या बाकावरून हाच हात सारिकाच्या पाठीत पेन टोचायचा आणि त्याची मालकीण कुजबुजायची, अगं सारे, कालच्या नोट्स दे ना. आता तो हात मोनालीच्या खांद्यावर असा पडला होता, जणू ते झाड त्यानंच लावलं आणि त्यानंच पाणी घालून वाढवलं.

सारिकानं मोबाइल पालथा घातला आणि पुन्हा परातीपुढं बसली. मंदाताईंना उठवायची तिला घाई राहिली नाही. थोड्या वेळानं मोनालीच्या वडिलांचा, नवलभाऊंचा फोन आला, घर जागं झालं, मंदाताई रडू-हसू एकत्र करत स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, तुला कळलं होतं का गं? तर सारिका म्हणाली, नाही बाई, मी पीठ मळत होते.

तसं पाहिलं तर सारिकाच्या मनात दिपमालाविषयी वाईट यावं असं दिपमालानं काही केलं नव्हतं. शाळेत अर्थशास्त्र-भूगोलाची जागा निघाली तेव्हा दोघींनीही अर्ज भरला होता. मुलाखतीच्या दिवशी गुंजन कुशीत होती, जेमतेम बारसं झालेली, कानात नवी पिवळी बाळी घातलेली. आबा म्हणाले, पुढच्या वेळेला जा. पुढची वेळ आली नाही. दिपमाला जळगावहून स्कुटीवर यायला लागली, आणि रोज सकाळी गुंजनला शाळेच्या फाटकाशी सोडताना सारिकाला ती स्कुटी दिसायची. कधी दिपमाला हात करायची. सारिकाही करायची. घरी येईपर्यंत तिच्या तोंडाला कडू चव राहायची, न धुतलेल्या कारल्यासारखी.

म्हणून तर मोनाली तिला एवढी जपून ठेवावीशी वाटायची. संध्याकाळी सारिका भाकरी थापायला बसली की ही पोर पाट ओढून समोर यायची. मागणी म्हणजे काय, पुरवठा म्हणजे काय, केळी स्वस्त झाली तरी जळगावच्या दुकानातले वेफर का स्वस्त होत नाहीत, असलं काय काय विचारायची. सारिका तव्यावर पाणी फिरवत सांगायची. सांगता सांगता तिचा आवाज बदलायचा, पाठ ताठ व्हायची. गुंजन मध्येच, मला भूक लागली, म्हणून ओरडली तर ती मुख्याध्यापिकेसारखी नुसती बघायची, आणि मोनाली हसायची. हे सगळं स्वयंपाकघराच्या आत. बाहेर ओट्यावर भासरे, म्हणजे थोरले दीर नवलभाऊ बसलेले असायचे. त्यांच्यापुढं धाकट्या सुनेनं मोठ्यानं बोलायची त्या घरात रीत नव्हती. पोरगी काकूजवळ बसून अभ्यास करते एवढंच त्यांना ठाऊक. कोण कुणाला शिकवतंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

स्पर्धेच्या आधी महिनाभर मोनालीनं विषय मात्र लपवून ठेवला होता. काकू, तुला नंतर कळेल, म्हणायची. आणि मधूनच उलटसुलट विचारायची: तू किती वाजता उठते गं? दळण कोण आणतं? गुंजनला ताप आला होता तेव्हा किती रात्री जागली? सारिकाला वाटायचं, पोरीला आपली माया आहे म्हणून विचारते. तीही रंगून सांगायची.

आबा मूळचे दोंडाईचाकडचे. इतकी वर्षं नशिराबादेत राहूनही त्यांची अहिराणी काही गेली नव्हती, आणि आनंद झाला की तर दुसरी भाषाच सुचायची नाही. नातीची ढाल त्यांनी दोन्ही हातांनी फिरवून फिरवून पाहिली आणि फर्मान काढलं, "पोरनी नाव काढं. आते बठ्ठासले बलावा. मळामा भरीत करा."

मग काय. थंडीचे दिवस, बामणोदच्या हिरव्या लांब वांग्यांचा हंगाम, आणि घरची पोरगी पहिली आलेली. रविवारी दुपारी मळ्यात भरीत पार्टी ठरली. मुख्याध्यापक, सगळे शिक्षक, संघातली दोन पोरं, त्यांचे आईबाप, गल्लीतली माणसं. सत्कारासाठी शाली आणल्या, नारळ आणले, एक माईक आणि एक भोंगा भाड्यानं आणला.

भरीत पार्टीत वांग्याला बाईचा हात लागत नाही. ते पुरुषांचं काम. कपाशीच्या वाळल्या पर्‍हाट्या पेटवायच्या, वांगी त्यात काळी होईस्तोवर भाजायची, सोलायची, आणि लाकडाच्या होडीसारख्या बडगीत मिरची-लसणासकट ठेचायची. घरी जे कधी पाण्याचा पेला उचलत नाहीत, ते इथं बाह्या सरसावून एकमेकांना शिकवतात. बायकांनी पुर्‍या तळायच्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करायच्या. त्यांची चूल विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं मांडलेली. पुढं काय चाललंय ते तिथून दिसत नाही, फक्त भोंग्यातून ऐकू येतं.

गल्लीतल्या दोघी पुर्‍यांवर होत्या. भाकरीची चूल सारिकाकडं. मंदाताई आईच्या नात्यानं पुढं पाहुण्यांचं बघत होत्या.

मॅडम आल्या, असं कुणीतरी म्हणालं आणि पाठोपाठ दिपमाला खोलीला वळसा घालून थेट चुलीशीच आली. मोरपंखीच साडी. ती सारिकाशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, सरक, मी थापते दोन.

"राहू दे," सारिका म्हणाली. "साडी खराब होईल. हे पगारी माणसांचं काम नाही."

पुरीवाल्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. दिपमाला हसली, पण तिचं हसू गालापर्यंतच आलं. ती म्हणाली, मोनाली वर्गात उठसूट काकू असं म्हणते, काकू तसं म्हणते करते. मला तर वर्गावर जायची धास्तीच वाटते. सारिकाला ते खरं वाटलं नाही. चुलीवरच्या बाईला बरं वाटावं म्हणून चार गोड शब्द फेकायचे, एवढंच तिला त्यात दिसलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. दिपमाला थोडा वेळ बसली, धुरानं डोळे चोळले आणि उठून गेली. मग पुढच्या पंगतीसाठी ताट मागायला मोनाली आली, मॅडमना आधी दे म्हणाली, तेव्हा सारिकानं दुरडीतली वरची छान फुगलेली भाकरी बाजूला सारून खालची, एका अंगाला करपलेली, काढून दिली. हात आपोआप तिकडं गेला. तिला स्वतःचीच जरा लाज वाटली, पण भाकरी तिनं परत घेतली नाही.

भोंगा खरखरला. मुख्याध्यापकांनी शाळेचं कौतुक केलं, मग संघाचं, मग मार्गदर्शक शिक्षिका म्हणून दिपमाला मॅडमचं. शाल दिली गेली असावी, कारण टाळ्या पडल्या. प्रत्येक टाळीला सारिकाची थाप जड होत गेली. भाकरी कडेला चिरली. आता पोर बोलेल, तिनं मनाशी म्हटलं. आता मोनाली माईक घेईल आणि सांगेल, मला माझ्या काकूनं शिकवलं. एवढं एक वाक्य. ते ऐकलं की बास, दिपमालाला शंभर शाली मिळू देत. तिनं नवी भाकरी थापायला घेतलीच नाही. पिठाचे हात गुडघ्यांवर ठेवून ती भोंग्याकडं कान लावून बसली. गुंजन कुठूनशी येऊन तिच्या पाठीला चिकटली.

मुख्याध्यापक म्हणाले, ज्या भाषणानं धुळ्याच्या परीक्षकांना गप्प केलं, ते आता मोनालीनं इथं करून दाखवावं.

"आमच्या घरात एक बाई आहे," मोनालीचा आवाज आला. आधी थरथरता, मग धीट होत गेलेला. ती बाई सगळ्यांच्या आधी उठते, तिनं सांगितलं. झाडलोट, पाणी, सात माणसांचे दोन वेळचे स्वयंपाक, दीपनगरला पॉवर हाऊसवर पाळीला जाणार्‍या नवर्‍याचा डबा, म्हातार्‍या माणसांची औषधं. हेच काम करायला आपण बाहेरून बाई ठेवली तर ते देशाच्या उत्पन्नात धरतात. घरच्या बाईनं केलं तर धरत नाहीत. मग ती बाई दिवसभर काय करते, असं सरकारला विचारलं तर सरकार म्हणेल, काहीच नाही.

पुढं लोक हसले. मोनाली थांबली, तेवढी थांबायची तिला सवय झाली होती.

"तिला एक लहान मुलगी आहे. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, शाळेत सोडणं, ताप आला की रात्रभर उशाशी बसणं, हेसुद्धा काम आहे. शहरात पाळणाघरात केलं तर ते काम मोजतात. घरात केलं तर त्याला माया म्हणतात आणि सोडून देतात. ही बाई शिकलेली नसेल असं तुम्हाला वाटेल. ती एम.ए. आहे. विषय अर्थशास्त्र."

मग ज्या टाळ्या पडल्या, त्या आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या होत्या. पुरीवाल्यांपैकी एक झारा हातात धरून म्हणाली, अगं, ही तर तूच. दुसरी तोंडाला पदर लावून बघत राहिली. तव्यावरच्या भाकरीतून धूर निघायला लागला होता.

सारिकाला काय होतंय ते तिचं तिलाच उमगेना. आपलं नाव यावं असं तिला वाटत होतं. नाव न घेताही सगळ्या मळ्याला कळलं होतं की ती कोण. पण तिला फळ्यापाशी उभं राहायचं होतं, खडू हातात घेऊन. पोरीनं तिला फळ्यावर लिहिलं होतं. उदाहरण म्हणून. शिकवणारी शाल पांघरून पुढं बसली होती आणि शिकवायला घेतलेलं उदाहरण चुलीपुढं बसलं होतं. महिनाभर पोर मायेनं विचारत नव्हती तर. ती माहिती गोळा करत होती.

भोंग्यातून मुख्याध्यापक म्हणाले, त्या ताईंना पुढं बोलवा, एक शाल त्यांनाही देऊ. जरा कुजबुज झाली. सारिका अर्धवट उठली. हात पिठाचे, केसांत राख, आणि पुढं भासरे पहिल्या रांगेत. या घरात धाकटीनं असं सगळ्यांदेखत त्यांच्यापुढून जायचं नसतं, हे कुणी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच तिनं कधी येऊ दिली नव्हती. ती उभी राहीपर्यंत माईकजवळच आबांचा आवाज आला, समजूतदार, प्रेमळ:

"धाकली चुलीवर शे. थोरलीले द्या. घर एकच शे."

आणि शाल मंदाताईंना मिळाली. त्यात मंदाताईंचंही काही चुकलं नाही. घरातला मान आधी थोरलीकडं जायचा, मग तिच्या हातून धाकटीकडं. वारं बोचरं होतं, म्हणून त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि बसल्या. द्यायची ती नंतर दिलीच असती.

मोनाली धावत आली. गाल लाल, श्वास फुललेला. "काकू, ऐकलं?"

"ऐकलं."

"आवडलं नाही?"

सारिकानं करपलेली भाकरी तव्यावरून काढून राखेत टाकली. मग तिला राहवलं नाही. "माझी झाडलोट आठवली तुला. माझा स्वयंपाक आठवला. तुला शिकवलं कुणी, तेवढं नाही आठवलं."

पोरीचा चेहरा पडला. क्षणभर तिला समजलंच नाही. मग ती म्हणाली, "होतं ते, काकू. आईशपथ होतं. ती बाई भाकरी थापता थापता पुतणीला अर्थशास्त्र शिकवते आणि तेसुद्धा कुठं मोजलं जात नाही, असं शेवटचं वाक्य होतं माझं. मॅडम म्हणाल्या, वेळ पुरत नाही, ते गाळ."

पुढून कुणीतरी मोनालीला फोटोसाठी हाक मारली. ती दोनदा मागं वळून बघत गेली.

जेवणं उरकत आली तेव्हा दिपमाला मोटारीच्या पाइपाखाली हात धुवायला आली. सारिका कळशी घेऊन तिथं गेली. कळशी भरायची नव्हतीच.

"वेळ खरंच पुरत नव्हता?" तिनं विचारलं.

दिपमालानं हात धुणं थांबवलं नाही. पाणी पडत राहिलं. खोटं बोलायचं की नाही, याचा ती विचार करत असावी. मग म्हणाली, "पुरत होता. वर अर्धं मिनिट उरत होतं."

"मग?"

"मग काय, सारे. ते वाक्य ठेवलं असतं तर त्या स्टेजवर माझं काय काम होतं? वर्गात मी धडा सांगते. पोर मान हलवते, आणि दुसर्‍या दिवशी तोच धडा तुझ्या शब्दांत मला परत सांगते, माझ्यापेक्षा बरा. कॉलेजात तुझ्या नोट्सवर पास झाले. म्हटलं, नोकरीला लागले, आता तरी तुझ्या मागच्या बाकावरून उठले असेन."

सारिकानं कळशी खाली ठेवली. इतकी वर्षं ती त्या स्कुटीकडं बघून जळत होती. त्या स्कुटीवरची बाई उलट आपल्याकडं बघून जळत असेल, हे तिच्या मनाच्या कोपर्‍यातसुद्धा आलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी हललं, गरम, गोड, आणि सांगायला लाज वाटावी असं. कुणीतरी माझा मत्सर करतं. माझा. या पिठाच्या हातांचा.

"करपलेली भाकरी मुद्दाम दिलीस ना मला?" दिपमाला म्हणाली.

"हो."

दोघीही हसल्या नाहीत. एका वाक्याची आणि एका भाकरीची बरोबरी होत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. दिपमालानं रुमालाला हात पुसले आणि म्हणाली, राज्याची फेरी आहे अजून, तेव्हा ते वाक्य परत घालते. घाल, सारिका म्हणाली, इतक्या घाईनं की तिची तिलाच ती भीक मागणारीसारखी वाटली. आणि दिपमाला गेल्यावर तिच्या मनात आलं, घालेल का खरंच? मी तिच्या जागी असते तर घातलं असतं का?

ती चुलीपाशी परतली. पुढं भोंगा बंद झाला होता. पुरुष राखेतली उरलेली वांगी उकरत आपापल्या भरिताची तारीफ करत होते. सारिकानं दुरडीवर फडकं टाकलं, निखारे बाजूला ओढले आणि जमिनीवरच बसली. तिच्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं, ते कुठल्या शब्दानं सुरू व्हायला हवं, कुठं थांबायला हवं. भाकरी थापता थापता, की शिकवता शिकवता? आधी काय?

गुंजन समोर येऊन उभी राहिली. मघापासून ती गप्प होती, आणि ही पोर गप्प राहणार्‍यांतली नव्हती. ओठाला भरीत लागलेलं, एक वेणी सुटलेली. सारिकानं सवयीनं पदराचं टोक ओलं करून तिचं तोंड पुसायला हात पुढं केला, तर पोरगी एक पाऊल मागं सरकली. तिनं आईचा तो पुढं आलेला हात नीट बघितला, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा.

"आई," ती म्हणाली, "मी पण काम आहे का?"